शिक्षक मागितले, कंपनी आली



स्मृतिव्याख्यानाच्या आरंभी स्मृतीविषयी चार शब्द बोलावेत असा प्रघात आहे. पण ज्यांच्या नावाने ही माला चालते त्यांना स्वतःची स्तुती ऐकवत नसे, असे मला संयोजकांनी बजावले आहे. तेव्हा थेट विषयाकडे वळतो.

आफ्रिकेत इंग्रज शिरले कसे, याचे एक उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे. आधी संशोधक वाट शोधतो, त्याच्या मागून पाद्री येतो, पाद्र्यामागून व्यापारी आणि सगळ्यांत शेवटी पलटण. जणू चौघांनी लंडनला बैठक मारून आधीच पाळ्या ठरवून घेतल्या होत्या. पूर्व आफ्रिकेपुरते पाहिले तर हा क्रम पार विस्कटतो. तिथे पाद्री आधी पोचला. त्याला आतल्या मुलखाची खबर दिली ती काफिल्यांच्या व्यापाऱ्यांनी, आणि ते व्यापारी इंग्रज नव्हतेच. संशोधक त्यानंतर आला. सरकार तर अगदी शेवटी, कुरकुरत आले. माझे म्हणणे असे आहे की या मंडळींच्या यशापेक्षा त्यांच्या अपयशानेच साम्राज्य पुढे सरकले. एकाचा वायदा दुसऱ्याच्या गळ्यात पडला, दुसऱ्याचा तोटा तिसऱ्याने उचलला, आणि ते बुडीत खाते शेवटी सरकारकडे वारशाने आले. आफ्रिका खंड प्रचंड आहे, म्हणून मी आज मुख्यतः बुगांडाविषयी बोलेन. व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर काठावरचे, आजच्या युगांडाच्या पोटातले हे राज्य.

सुरुवात मोंबासाला होते. योहान क्राफ हा जर्मन, पण चाकरी लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीची. १८४४ साली तो मोंबासाला उतरला आणि काही महिन्यांत बायको व तान्ही मुलगी या दोघींना तिथेच पुरण्याची वेळ त्याच्यावर आली. त्याचा सहकारी रेबमान याने १८४८ मध्ये किलिमांजारोवरचे बर्फ पाहिले. विषुववृत्ताजवळ बर्फ! लंडनच्या घरबसल्या भूगोलपंडितांनी त्याची टर उडवली. या पाद्र्यांच्या पदरी बाटलेले लोक फार थोडे पडले. धर्मप्रसाराच्या हिशोबाने मोहीम फसलीच. पण आत जाऊन आलेल्या काफिल्यांच्या तोंडून ऐकून त्यांनी एक नकाशा काढला, त्यात आफ्रिकेच्या पोटात गोगलगायीच्या आकाराचे एक अजस्र सरोवर दाखवले, आणि लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीला चैन पडेना. तिने बर्टन आणि स्पीक यांना धाडले.

हे दोघे निघाले ते आपल्या मुंबईहून. १८५६ चा डिसेंबर, जहाजाचे नाव एल्फिन्स्टन. बर्टन मुंबई इलाख्याच्या पायदळातला अधिकारी. ज्या अनेक भाषांच्या परीक्षा त्याने दिल्या होत्या त्यांत मराठीही होती. स्पीकला ना अरबी येत होती ना स्वाहिली. त्याचे सगळे काम अडले असते, पण त्याला सिदी मुबारक भेटला. लहानपणी पकडून कापडाच्या मोबदल्यात विकलेला, हिंदी धन्याबरोबर गुजरातेत राहून आलेला, धनी वारल्यावर मोकळा झालेला हा माणूस. लोक त्याला ‘बॉम्बे’ म्हणत. स्पीक आणि बॉम्बे हिंदुस्थानीत बोलत, आणि पुढचे काम बॉम्बे इतरांशी स्वाहिलीत करी. नाईलच्या उगमाचा मान स्पीकला मिळाला. बॉम्बे पुढे स्टॅन्ली या बातमीदाराबरोबर गेला आणि आरमारी अधिकारी कॅमेरॉनबरोबर तर किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत खंड ओलांडून आला. आफ्रिकेत त्याच्याइतकी चाल केलेला एकोणिसाव्या शतकातला गोरा मला तरी ठाऊक नाही.

आता व्यापाऱ्यांकडे येऊ, कारण इथे आपली मान थोडी खाली जाते. झांझिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. थारिया टोपण या कच्छी खोजा शेटजींच्या भांडवलावर टिप्पू टिपसारखे हस्तिदंताचे आणि गुलामांचे सरदार आत जात. काफिला निघायचा तर कापड हवे, मणी हवेत, पितळी तार हवी. कापडात अमेरिकेतले कोरे ‘मेरिकानी’ आणि हिंदुस्थानातून येणारे निळीचे ‘कानिकी’. मण्यांचे तर शास्त्रच होते. एका गावात लाल मणी चालत, दोन मजलांवर तेच मणी कोणी हातात घेत नसे, तिथे पांढरेच लागत. रंग चुकला की अख्ख्या काफिल्याची उपासमार. म्हणून प्रत्येक गोरा संशोधक झांझिबारला उतरला की पहिल्यांदा हिंदी दुकानदाराच्या ओट्यावर जाऊन बसे. हमालामागे साठ-सत्तर पौंडांचे ओझे बांधले जाई ते त्या ओट्यावरच्या सल्ल्याने. परत येताना हस्तिदंत यायचे, ते मुंबईला, आणि त्यातले पुष्कळसे तिथून लंडनला. काही मुंबईच्या पुढे जात नसे, कारण बांगड्यांना इथे गिऱ्हाईक होते. ब्रिटिश व्यापार ब्रिटिश व्यापार म्हणून जे म्हटले जाते, त्याचा पूर्व आफ्रिकेतला पाया हा असा होता: आपल्याकडच्या पेढ्यांची उधारी. लंडनच्या सरकारला या लोकांचे ‘ब्रिटिश प्रजाजन’ हे नाते फार सोयीचे पडले. प्रजाजन आहेत म्हटल्यावर त्यांच्या रक्षणाला वकील हवा, वकिलाच्या पाठीशी लढाऊ जहाज हवे.

याच काळात लिव्हिंग्स्टन मुंबईला आला, आणि त्या येण्याजाण्यात नाशिकचा जो भाग आहे तो मला जरा सविस्तर सांगायचा आहे.

लिव्हिंग्स्टन स्कॉटलंडच्या कापडगिरणीत राबून डॉक्टर झालेला पाद्री. खंड आडवा ओलांडून १८५६ मध्ये परतल्यावर तो इंग्लंडचा लाडका झाला. व्यापार आणि ख्रिस्ती धर्म हातात हात घालून गेले की गुलामांचा बाजार आपोआप बसेल, ही त्याची शिकवण. सरकारने त्याला वकील नेमून झांबेझी नदीवर पाठवले. नदीतून बोटी आत नेऊ, कापूस पिकवू, असा बेत होता. काब्राबासाच्या धबधब्यांनी तो बेत जागीच ठार केला. मागोमाग आलेले बिशप मॅकेन्झी तापाने गेले, लिव्हिंग्स्टनची पत्नी गेली, मोहीम सरकारने परत बोलावली. हाती राहिली स्वतःच्या पैशाने बांधलेली ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट. ती विकायची म्हणून १८६४ मध्ये त्याने स्वतः कप्तान होऊन, झांझिबारहून अरबी समुद्र ओलांडत ती मुंबईला आणली. तिच्यावर सहा हजार पौंड खर्चलेले होते. विकली गेली तेवीसशेला, आणि ती रक्कम हिंदुस्थानातल्या ज्या बँकेत ठेवली तीही बुडाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेल्या कापसाच्या तेजीने मुंबईत जे घडवले आणि मोडले, त्याच्या तडाख्यात अनेक घराणी सापडली, त्यात हाही.

बोटीवर चुमा आणि विकतानी नावाची दोन पोरे होती. त्यांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. वर्षाने परत आल्यावर तो नाशिकला गेला. तिथे शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीचे आफ्रिकन आश्रयस्थान होते. इंग्रज आरमाराने अरबी गलबतांतून सोडवलेली मुले मुंबईला उतरवली जात, त्यांतली बरीच इथे येत. लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकत. घर कुठले ते काहींना आठवत होते, काहींना नाही. लिव्हिंग्स्टनबरोबर जायला नऊ जण तयार झाले. १८६६ च्या जानेवारीत जी तुकडी मुंबईहून निघाली तिच्यात ही नऊ मुले, मरीन बटालियनचे शिपाई, सहा उंट, तीन म्हशी, एक रेडकू, दोन खेचरे आणि चार गाढवे होती. त्सेत्से माशीच्या मुलखात आपल्याकडची जनावरे टिकतात का, हे त्याला पाहायचे होते. टिकली नाहीत. शिपायांचेही त्याच्याशी जमले नाही, त्यांना त्याने परत धाडले. या तुकडीला हवी ती मदत देणारा मुंबईचा गव्हर्नर होता सर बार्टल फ्रिअर. हे नाव लक्षात ठेवा.

१८७२ मध्ये आणखी सहा नाशिककर स्टॅन्लीने जमवलेल्या मदतीच्या तुकडीतून आत गेले. त्यांतला जेकब वेनराइट हा चांगला लिहिणारा. १ मे १८७३ ला चितांबोच्या गावात, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन मेला तेव्हा प्रेताचे काय करायचे हे ठरवायला एकही गोरा माणूस तिथे नव्हता. लिव्हिंग्स्टनचा जुना चाकर सुसी, चुमा आणि नाशिकच्या मुलांनी ठरवले. काळीज आणि आतडी झाडाखाली पुरली, वेनराइटने प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले. देह मीठ लावून दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, ओझ्यासारखा दांड्याला बांधला. वाटेत भेटलेल्या कॅमेरॉनने इथेच पुरा म्हणून सांगितले, त्यांनी ऐकले नाही. आठ-नऊ महिन्यांनी ते बागामोयोला, समुद्रावर पोचले. वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला १८ एप्रिल १८७४ ला. शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत वेनराइट होता. चुमा आणि सुसी यांना वेळेवर बोलवायचे कोणाला सुचले नाही. थडग्यावरच्या दगडात आणणाऱ्यांच्या इमानाचे कौतुक आहे. त्यांची नावे नाहीत.

जिवंत लिव्हिंग्स्टनच्या हातून झांबेझीवर एकही वसाहत टिकली नव्हती. मेलेल्या लिव्हिंग्स्टनने ती कसर भरून काढली. त्याचा देह पोचण्यापूर्वीच, १८७३ मध्ये, फ्रिअर साहेब झांझिबारला जाऊन आले होते. सुलतान बर्गाश सही करेना, तेव्हा नाकेबंदीची धमकी गेली आणि जूनमध्ये गुलामांचा बाजार बंद झाला. हे काम चांगलेच झाले, त्याबद्दल मी दुसरे काही म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून सुलतानाच्या दरबारात खरे वजन इंग्रज वकिलाचे. पुढे १८७५ मध्ये मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली, तिला नाव दिले फ्रिअर टाउन. तिथे नेऊन बसवलेली पहिली दीडशेक माणसे नाशिककडची. मिशनचे शिक्षक, सुतार, दुभाषे, प्रचारक तेच. किनाऱ्यावर त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.

त्याच वर्षी स्टॅन्ली बुगांडाला पोचला. तिथला राजा, म्हणजे कबाका, मुतेसा. उत्तरेकडून इजिप्तचे सैन्य गॉर्डन या इंग्रज सेनानीच्या हुकमतीखाली सरकत होते, दक्षिणेकडून अरब व्यापारी इस्लाम आणि बंदुका आणत होते. मुतेसाला तिसरा कोणीतरी हवा होता. स्टॅन्लीने लंडनला पत्र धाडले: राजा शिक्षक मागतो आहे, पाठवा. पत्र नोव्हेंबर १८७५ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’मध्ये छापले गेले आणि काही दिवसांतच एका निनावी दात्याने चर्च मिशनरी सोसायटीला पाच हजार पौंड देऊ केले. बातमीदाराने परस्पर आश्वासन दिले, वृत्तपत्राने खपासाठी छापले, आणि ते पुरे करण्याची जबाबदारी पडली भाविकांच्या सोसायटीवर. मुतेसाच्या मनात शिक्षकांपेक्षा बंदुका जास्त होत्या, हे पत्रात नव्हते.

१८७७ मध्ये पहिले पाद्री पोचले. पुढल्या वर्षी आला अलेक्झांडर मॅके, पेशाने इंजिनिअर. १८७९ मध्ये फ्रेंच कॅथलिक, व्हाइट फादर्स, येऊन बसले आणि दरबारात दोन ख्रिस्त उभे राहिले. मॅके राजाच्या बंदुका दुरुस्त करी, रस्ता बांधी, लुगांडात बायबलची पाने छापी. राजमाता वारली तेव्हा मुतेसाने फर्मान काढले की युरोपात राजाराण्यांना पुरतात तसेच पुरायचे. मॅकेने राजवाड्यातली तांब्या-पितळेची भांडी ठोकून पत्रे काढले आणि एकात एक बसणाऱ्या तीन पेट्या केल्या. बाहेरची एवढी मोठी की पाहणाऱ्याला घर वाटावे. महिनाभर त्या इंजिनिअरने हेच केले. त्याच्या प्रवचनांनी जे साधले नाही ते त्या पेट्यांनी साधले. दरबारातल्या तरुण मुलांना वाटू लागले की वाचायला शिकले की असे काहीतरी हाती येते. ‘वाचणारे’ हेच तिथे ख्रिस्ती झालेल्यांचे नाव पडले.

मुतेसा १८८४ मध्ये वारला. मुलगा म्वांगा विशीच्या आतच गादीवर आला. किनाऱ्यावर जर्मन झेंडा लागल्याची बातमी त्याच्यापर्यंत आली होती. अशात बिशप हॅनिंग्टन नेहमीची दक्षिणेची वाट सोडून पूर्वेकडून, बुसोगातून, यायला निघाला. पूर्वेकडून येणारा राज्य घेईल असा तिथे समज होता. ऑक्टोबर १८८५ मध्ये बिशप मारला गेला. मागे थांबलेल्या माणसांना घेऊन परत आला तो विल्यम जोन्स, नाशिकला वाढलेला, त्याच वर्षी दीक्षा मिळालेला. दर्यापर्यंतच्या त्या उलट्या वाटचालीत त्याने निळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत बायबलमधला शोकाचा शब्द लिहून निशाण करून धरले होते. म्वांगाने पुढच्या वर्षी आपल्याच दरबारातले ‘वाचणारे’ तरुण जिवंत जाळले. त्याच्या क्रौर्याची वकिली मी करणार नाही. मात्र त्याची भीती वेडगळ नव्हती. पुढच्या दहा वर्षांनी ती शब्दशः खरी ठरवली.

आता कंपनी. विल्यम मॅकिनन हा कलकत्त्यात हात बसलेला स्कॉट जहाजवाला. त्याच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी १८७२ पासून झांझिबारला टपाल नेत. १८८८ मध्ये त्याने राणीची सनद मिळवून इम्पिरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी काढली. भांडवल अडीच लाख पौंडांच्या आतबाहेर, मुलूख फ्रान्सएवढा, आणि विकायला हस्तिदंताखेरीज काही नाही. नाणी मात्र लगेच पाडली: मोंबासाचा रुपया आणि पैसा. मॅकिननला नफा हवा होता असे म्हणणेही कठीण आहे. तो आणि त्याचे भागीदार लिव्हिंग्स्टनचे भक्त. धर्मादायाच्या वृत्तीने काढलेल्या कंपनीची जी गत होते तीच हिची झाली.

दक्षिणेतही त्याच वर्षी व्यवहार चालू होता, पण तिकडची माणसे वेगळ्या मातीची. हिऱ्यांच्या धंद्यातला धनाढ्य सेसिल ऱ्होड्स याच्या माणसांनी न्देबेले राजा लोबेंग्युलाकडून खाणींचा मक्ता मिळवला: महिना शंभर पौंड आणि हजार बंदुका. दुभाषा होता पाद्री हेल्म. दहांपेक्षा जास्त गोरे खणायला येणार नाहीत असे तोंडी सांगितले गेले, कागदावर ते नव्हते. तिथे लबाडी होती आणि नफाही होता. बुगांडात लबाडी कमी आणि तोटा अफाट.

डिसेंबर १८९० मध्ये कंपनीचा कप्तान फ्रेडरिक लुगार्ड कंपालाच्या टेकडीवर तळ ठोकून बसला. जन्म मद्रासचा, वडील तिथे पाद्री. त्याच्याजवळ एक झिजलेली मॅक्झिम तोफ होती, स्टॅन्लीबरोबर खंड ओलांडून आलेली. जानेवारी १८९२ मध्ये ‘फ्रान्सा’ आणि ‘इंग्लेझा’, म्हणजे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, राजधानी मेंगोला एकमेकांवर तुटून पडले. लुगार्डने इंग्लेझाच्या बाजूने मॅक्झिम चालवली.

इकडे लंडनला कंपनी बुडत होती. बुगांडा सोडा, असा संचालकांचा हुकूम निघाला होता. ऑक्टोबर १८९१ च्या अखेरीस एक्झिटर हॉलमध्ये बिशप टकरने भाविकांपुढे पदर पसरला आणि चर्च मिशनरी सोसायटीच्या मंडळींनी सोळा हजार पौंडांच्या वर रक्कम उभी केली. उरलेले मॅकिनन आणि मित्रांनी घातले. कंपनीचा मुक्काम वर्षाने लांबला. हा प्रसंग मला सगळ्या कथेचा कणा वाटतो. एका व्यापारी कंपनीचा लष्करी तळ टिकावा म्हणून चर्चच्या भाविकांत वर्गणी गोळा झाली. वर्ष संपल्यावर लुगार्ड स्वतः इंग्लंडला येऊन गावोगाव भाषणे देत फिरला, सरकारकडे दीडशेवर निवेदने गेली. ग्लॅडस्टनला युगांडा नको होता. त्याचा परराष्ट्रमंत्री रोझबरी याला हवा होता. पाहणीला गेलेल्या जेराल्ड पोर्टलने १ एप्रिल १८९३ ला युनियन जॅक चढवला, १८९४ मध्ये संरक्षित राज्य जाहीर झाले.

१८९५ मध्ये कंपनी गुंडाळली. भागधारकांना अडीच लाख पौंड मिळाले. त्यांतले दोन लाख झांझिबारच्या सुलतानाचे, त्याचा दक्षिणेचा किनारा जर्मनीने विकत घेतला त्याची किंमत म्हणून लंडनला ठेवलेले. इंग्लंडच्या तिजोरीतून गेले पन्नास हजार.

मग आगगाडी. १८९६ ते १९०१, मोंबासा ते सरोवर. बत्तीस हजारांच्या आसपास हिंदी मजूर, बहुतेक पंजाबचे, कराचीहून जहाजात चढलेले. अडीच हजार तिथेच मेले. त्सावोच्या सिंहांनी खाल्ले त्यांच्यावर पुस्तके निघाली. तापाने आणि हगवणीने मेले त्यांच्यावर नाहीत. खर्च पन्नास लाख पौंडांच्या पुढे गेला आणि तो भरून यावा म्हणून डोंगराळ जमिनी गोऱ्या शेतकऱ्यांना देण्याचे धोरण आले. केनियाचा पुढचा सगळा तंटा तिथला.

म्वांगाने १८९७ मध्ये बंड केले, तो पकडला गेला, सेशेल्सला हद्दपार झाला. गादीवर त्याचा एक वर्षाचा मुलगा दाउदी च्वा बसवला. १० मार्च १९०० ला इंग्रज सरकारच्या वतीने हॅरी जॉन्स्टनने सरदारांशी करार केला. दोन्ही बाजूंना मध्यस्थ आणि सल्लागार म्हणून पाद्रीच होते. सरदारांना जमिनी मिळाल्या. बाकीच्यांना कर लागला. मुतेसाने शिक्षक मागितल्याला तेव्हा पंचवीस वर्षे होत आली होती, आणि त्याच्या नातवाच्या राज्यात दर झोपडीमागे वर्षाला तीन रुपये द्यायचे होते, हिंदुस्थानी चलनात.